बाई, त्या खुर्चीबद्दल

बाई,

महिनाभर हे पत्र डोक्यात आहे. लिहायला बसले की डोळे भरून यायचे आणि राहून जायचं. आज लिहितेच.

माझा मुलगा १५ वर्षांचा आहे. त्याला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी धरणं आणि स्वतःला आवरणं त्याला अवघड जातं. ‘हुशार आहे पण आळशी’ हा शेरा त्याच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकात सापडेल. एका समुपदेशकांनी तर त्याच्यासमोरच म्हटलं, ‘गेम तीन तास खेळतो ना, मग कसला एडीएचडी?’ लक्ष असतं हो या मुलांकडे, ते हवं तिथे वळवता येत नाही. मला हे वाचून कळलं. ज्यांचा तो पेशा आहे त्यांना का कळू नये? लहानपणच्या उड्या थांबल्या तेव्हा ‘सुधारला’ म्हणणारेही भेटले. वयात येताना बाहेरची चुळबुळ कमी होते, आतला गोंधळ बऱ्याचदा तसाच राहतो. २००७ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात अशा मुलांच्या मेंदूचा बाहेरचा थर पक्व व्हायला सरासरी ३ वर्षं उशीर होतो असं दिसलं होतं. ते वाचलं त्या रात्री मी त्याच्या उशाशी बसून राहिले. ‘तुझ्या वयाची मुलं बघ’ हे मी त्याला किती वेळा ऐकवलं होतं!

त्या दिवशी शाळा सुटल्यावर तो कोऱ्या वहीसमोर बसला होता. ‘सुरुवात कर’ असं त्याला सगळेच सांगतात, आणि सुरुवात तेवढी त्याला जमत नाही. तुम्ही ते म्हणाला नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसलात, तपासायच्या पेपरांचा गठ्ठा उघडलात आणि म्हणालात, ‘मलाही कंटाळा आलाय, बसू दोघं.’ त्याचा पाय हलत होता, तो हलू दिलात. गणितं सगळी झाली. पण घरी आल्यावर त्याने आधी सांगितलं ते वेगळंच: ‘आई, बाईंनी एकदाही वहीत डोकावून बघितलं नाही.’

औषध चालू आहे, डॉक्टरांचेही उपकार आहेतच. पण कुणाला खजील न करता त्याच्याजवळ नुसतं बसणं? इतका साधा चांगुलपणा मी किती वर्षं शोधत होते, बाई. लोक सल्ले भरभरून देत होते.

आता रात्री तो दारातून विचारतो, ‘आई, बसतेस?’ मी माझी हिशेबाची वही घेऊन जाते. एरवी खोलीचं दार लावून घेणारा मुलगा. त्याच्या टेबलाशी दुसरी खुर्ची त्याने स्वतः आणून ठेवली आहे.

तुमच्या विद्यार्थ्याची आई