मागच्या बाकावरून मिळालेलं वहीचं पान

प्रिय मॅडम,

हे सगळं खरं तर समोर भेटून बोलायचं होतं, पण समोर आलं की तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता, म्हणून शेवटी इथे सगळ्यांसमोर लिहितोय. नाव टाकत नाहीये, तुम्हाला आवडणार नाही माहितीये.

त्या दिवशी तुम्ही माझ्या विज्ञानाच्या तासाला शेवटच्या बाकावर येऊन बसलात. मला वाटलं तास छान झाला, प्रोजेक्टर होता, स्लाइड्स होत्या, मुलं पटापट उत्तरं पण देत होती. तास संपल्यावर तुम्ही वहीचं एक पान फाडून हातात दिलंत. त्यावर शेरा वगैरे काही नाही, नुसत्या रेघा आणि आकडे. मी २२ प्रश्न विचारले होते, त्यातल्या १९ ची उत्तरं त्याच चार मुलांनी दिली होती, आणि खाली प्रत्येक प्रश्नानंतर मी किती सेकंद थांबलो ते. जवळजवळ सगळीकडे १, कुठे तरी २. बाकीची ३१ मुलं त्या तासाला काय करत होती, हे मला सांगताच आलं नाही.

"प्रश्न विचारला की मनात पाचपर्यंत मोजा", एवढंच म्हणालात. नंतर वाचलं तर मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधकांनी १९७० च्या दशकातच हे मोजून ठेवलंय, शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात आणि तेच तीन सेकंद केलं तरी मुलांची उत्तरं मोठी होतात, एरवी गप्प असणारी मुलंसुद्धा बोलायला लागतात. फक्त तीन सेकंद! पहिले काही दिवस ती शांतता मला सहन व्हायची नाही, पण टिकलो, आणि खिडकीपाशी बसणारी एक मुलगी, जिचा आवाज मी वर्षभर ऐकला नव्हता, तिने हात वर केला.

टूल्सबद्दल तर काय सांगू. त्याआधी एका ट्रेनिंगमध्ये एका दिवसात डझनभर ॲप्स दाखवली होती, सगळ्यांचे लॉगिन केले आणि वर्गात एकही वापरलं गेलं नाही. तुम्ही उलटीकडून सुरुवात केलीत, "मुलांच्या डोक्यातलं नक्की काय बघायचंय ते आधी ठरवा, मग ॲप शोधू". आणि मुलांकडे मोबाईल नाहीत म्हटल्यावर प्लिकर्स नावाच्या ॲपची कागदी कार्डं काढून दिलीत. प्रत्येक मुलाचं कार्ड वेगळं, त्याच्या चार बाजूंना A, B, C, D, जे उत्तर वाटतंय ते अक्षर वरच्या बाजूला येईल असं धरायचं आणि मी माझ्या फोनच्या कॅमेऱ्याने अख्खा वर्ग स्कॅन करायचा. अक्षरं बारीक, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून ठरवता येत नाही. (ज्यांना वापरायचंय त्यांनी चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड परावर्तित होतो आणि स्कॅन होत नाही, मॅट करा.)

मग तो बल्बचा प्रश्न. एकाच सर्किटमध्ये एकामागोमाग एक दोन सारखे बल्ब, कुठला जास्त उजळेल? ३५ पैकी ११ जणांचं बरोबर आलं, बाकी बहुतेकांचं म्हणणं पहिला, कारण करंट तिथे थोडा संपतो. हे मी आधी शिकवलेलं होतं! एरवी मी लगेच उत्तर सांगून मोकळा झालो असतो. पण तुमचं वाक्य आठवलं, उत्तर सांगू नका, ज्याचं उत्तर वेगळं आहे असा शेजारी शोधायला सांगा आणि त्याला पटवायला लावा. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी १९९१ पासून फिजिक्सच्या वर्गात हेच केलं हे तुम्हीच सांगितलं होतंत. वर्गात एकदम कल्ला झाला, आणि त्या कल्ल्यात तीच खिडकीजवळची मुलगी म्हणत होती, "अगं पाइपमधलं पाणी मध्येच संपतं का, जेवढं आत गेलं तेवढंच बाहेर येणार ना". परत स्कॅन केलं तर २६. मी एक अक्षर शिकवलं नव्हतं.

त्यानंतर फेट (PhET) या मोफत वेबसाइटवरचं सर्किट सिम्युलेशन प्रोजेक्टरवर लावलं. दोन्ही बल्ब सारखेच पेटलेले, वायरमधले ठिपके सगळीकडे एकाच वेगाने सरकतायत. मुलं म्हणाली सर बॅटरी वाढवा, सर मधली वायर तोडा, आणि उरलेला तास मी फक्त माऊस हलवत होतो.

अजून एक राहिलंच. टायमरवाली क्विझ मी फार उत्साहाने घ्यायचो, तुम्ही म्हणालात टायमर बंद करून बघा. केला, आणि सावकाश विचार करणारी मुलं अंदाजपंचे बटण दाबायची थांबली.

मनापासून थँक्यू मॅडम. तुम्ही चूक दाखवलीत पण एकदाही मला लहान वाटू दिलं नाहीत, मी आता मुलांशी बोलताना तेच आठवतो.

आणि हो, पुढच्या आठवड्यात आरसा घेतोय. प्रश्न असा केलाय, भिंतीवरच्या लहान आरशात कमरेपर्यंतच दिसतंय, मागे सरकलं तर स्वतःचं जास्त दिसेल, कमी दिसेल का तेवढंच? चौथा पर्याय सुचत नाहीये. वेळ मिळाला की सांगाल का?

तुमचा,
शेजारच्या वर्गातला सर