लेवीय 19 तुझ्या आवाजात हवाय

अहिल्यानगर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

ख्रिस्ती माणसाने मोशेच्या नियमशास्त्रावर, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांतल्या आज्ञांवर (लेवीय आणि अनुवाद ही त्यांतलीच दोन), व्हिडिओ का करावेत, हा तुझा प्रश्न रास्त आहे. फोनवर चार वाक्यांत त्याला गुंडाळायचं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

सध्या या विषयावर मराठीत दोनच सूर ऐकू येतात. एक थट्टेचा. कुणी तरी टेरीकॉटचा शर्ट घालून कॅमेऱ्यासमोर बसतो आणि म्हणतो, ‘बघा, बायबलनुसार मी पापी!’ लेवीय 19:19 मधलं दोन जातींच्या सुताचं कापड त्याला सापडलेलं असतं. पण अनुवाद 22:11 त्याने उघडलेलंच नसतं. तिथे लोकर आणि लिनन अशी नावं घेऊन सांगितलंय, आणि यहूदी परंपरा शाटनेझ म्हणते ते नेमकं तेवढ्यालाच. सूत-पॉलिस्टर त्यात बसतच नाही. दुसरा सूर आमच्याच ख्रिस्ती मंडळ्यांमधला (चर्चमधला), आणि तो मला जास्त टोचतो: नियमशास्त्र म्हणजे जड ओझं, ख्रिस्ताने ते उतरवलं, विषय संपला. जणू ते पाळणारी माणसं आज जगात नाहीतच.

तुझे बेने इस्राएली यहूदी पूर्वज कोकणात शनिवारी, म्हणजे शब्बाथाच्या विश्रांतीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. इतर यहूद्यांपासून दूर राहूनही सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे नियम आणि शेमा ही प्रार्थना तुमच्या घराण्यांनी जपली. शेमाची ‘हे इस्राएला, ऐक’ हीच ओळ मार्क 12 मध्ये येशूच्या तोंडी आहे. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असं विचारल्यावर तो तिथूनच सुरुवात करतो आणि पुढे लेवीय 19:18 जोडतो: आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर. म्हणजे थट्टेचा कापडाचा नियम आणि ही आज्ञा एकाच अध्यायात, एकमेकांना लागून आहेत! त्याच अध्यायात शेताच्या कडा कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबाला आणि परक्याला राहू द्या, असंही आहे. आमच्याकडे ज्वारीच्या काढणीनंतर सरवा वेचलेल्या बाया अजून आहेत. त्यांना हे वाचून दाखवलं की वेगळं काही समजावावं लागत नाही.

व्हिडिओंच्या मालिकेचा कणा मात्र नव्या करारातल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा 15 वा अध्याय हाच ठेवलाय. साल साधारण 49, जागा यरुशलेम. नियमशास्त्र टिकावं की जावं, हा त्या बैठकीपुढचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता, परराष्ट्रीयांनी, म्हणजे यहूदी नसलेल्यांनी, येशूवर विश्वास ठेवल्यावर सुंता करून आधी यहूदी व्हायचं का? पेत्र, पौल, बर्णबा, याकोब, बोलणारे सगळे यहूदीच. निर्णय झाला की तसं व्हायला नको. चार गोष्टी मात्र टाळा: मूर्तींना वाहिलेलं, जारकर्म, गुदमरून मारलेलं आणि रक्त. बऱ्याच अभ्यासकांना यात लेवीय 17-18 मधले, इस्राएलात राहणाऱ्या परक्यांसाठीचे नियम दिसतात. मला ते पटतं. परक्याला घरात घेताना घराची रीत मोडली नाही आणि त्याला घरातल्यासारखं नाव बदलायलाही लावलं नाही. ही सभ्यता मला फार थोर वाटते.

आमच्या गावांकडून लगेच विचारणा होते, मग रक्ती (बकऱ्याचं शिजवलेलं रक्त) खायची की नाही? या प्रश्नाला मी पूर्ण भाग देणार आहे. इ.स. 400 च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याने लिहिलंय की त्याच्या भागात हा निर्बंध आता कुणी पाळत नाही. उलट 692 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या त्रुल्लो या धर्मपरिषदेने पूर्वेकडच्या मंडळ्यांसाठी रक्त खाणं पुन्हा निषिद्ध ठरवलं. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स मंडळीत तर सुंता आहे, डुकराचं मांस वर्ज्य आहे, शनिवारचा मान आहे. ‘ख्रिस्ती लोक नियमशास्त्र पाळत नाहीत’ हे वाक्यच मुळात अपुरं आहे, आणि म्हणूनच हा विषय एक-दोन मिनिटांच्या शॉर्ट्समध्ये टाकायला मी तयार नाही. थंबनेलवर लाल अक्षरांत ‘नियमशास्त्र रद्द?’ लिही, व्ह्यूज येतील, असं एडिटिंग करणारा पोरगा सांगतो. मी नाही म्हटलं. ते वाचून तुझ्या आईच्या मनाला काय वाटेल, हे मला आधी दिसतं.

आता काम. पहिल्या भागाच्या सुरुवातीला लेवीय 19 च्या 9 ते 18 ओव्या हिब्रूत हव्यात, आणि त्या तू वाचाव्यास. तुमच्या सभास्थानात ज्या चालीत वाचतात, त्याच चालीत. शब्बाथ सोडून कुठल्याही दिवशी, पंखा बंद करून, फोन तोंडापासून वीतभर लांब धरून रेकॉर्ड कर. फाइल व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज म्हणून नको, आवाज दबतो, ड्राइव्हवर टाक. स्क्रिप्ट सोबत पाठवतोय. यहूदी माणसाला खटकेल असं एक जरी वाक्य दिसलं तरी खूण कर, मी ते काढून मगच शूट करीन.

मावशींना नमस्कार सांग.

तुझाच,
नगरचा मित्र