आधी साइडपट्ट्या भरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सायकलस्वारांना शिस्त शिकवणारा कालच्या अंकातला लेख वाचला. रात्री पुन्हा एकदा वाचला आणि आज सकाळी हे पत्र लिहायला बसलो.

रविवारी सकाळी कासकडे जाताना सायकलवाल्यांमुळे गाडी हळू न्यावी लागते, ही लेखकाची तक्रार मला समजते. यवतेश्वर घाटाच्या वळणांवर तिघं-तिघं शेजारी गप्पा मारत चढतात, ते चूकच आहे. आमच्या ग्रुपमध्ये असं कुणी केलं तर तिथल्या तिथे बोलणी खातो. पण तेवढ्यावरून लेखक जो उपाय सांगतात, की सायकलवाल्यांनी पांढऱ्या पट्टीच्या बाहेरून जावं आणि डांबर मोटारींना मोकळं सोडावं, तो वाचून मला राहवलं नाही. पट्टीच्या बाहेर काय आहे, हे त्यांनी गाडीची काच खाली करून एकदा तरी बघितलंय का?

आपल्याकडे रस्त्याचं नूतनीकरण म्हणजे जुन्या डांबरावर नवा थर. दर वेळी रस्ता इंच-दीड इंच वर येतो. त्याबरोबर दोन्ही बाजूंच्या साइडपट्ट्या मुरूम टाकून, रोलर फिरवून डांबराच्या पातळीला आणायच्या असतात. ते काम राहून जातं, किंवा पावसाळ्याच्या तोंडावर कसंतरी उरकलं जातं आणि पहिल्या जोरदार सरींत मुरूम वाहून जातो. तीन-चार थर झाले की डांबराच्या कडेला चार-पाच इंचांची उभी पायरी तयार होते. मोटारीचं रुंद चाक ती उतरतं आणि परत चढतंही. आमच्या सायकलचं टायर असतं 25 नाहीतर 28 मिलिमीटरचं, म्हणजे जेमतेम इंचभर.

या पायरीवरून उतरणं एक वेळ जमतं. धोका परत वर येताना आहे. चाक कडेला समांतर चाललेलं असतं. तुम्ही हँडल उजवीकडे वळवता, अंग उजवीकडे कलतं, पण चाक कडेला घासत राहतं, वर चढत नाही. सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला चाक वळवूनच आपण तोल सावरत असतो. इथे चाक वळायलाच जागा नसते. मग माणूस पडतो तो उजवीकडे, डांबरावर, मागून येणाऱ्या गाडीच्या पुढ्यात. एकदा खाली उतरलात की थांबून, सायकल उचलून वर घेणं हाच सुरक्षित मार्ग. मागे हॉर्न वाजत असताना हे सुचत नाही.

आमच्या ग्रुपमधले एक निवृत्त शिक्षक असेच पडले. महाबळेश्वरहून केळघर घाट उतरून मेढ्यामार्गे आम्ही साताऱ्याला परतत होतो. सरळ रस्ता, स्वच्छ ऊन, समोरून एकही वाहन नाही. ओव्हरटेक करायला पूर्ण जागा असताना मागच्या गाडीने हॉर्नवरचा हात काढला नाही. सर बिचारे सभ्य माणूस, त्यांनी जागा दिली आणि पट्टीच्या बाहेर उतरले. गाडी निघून गेली. वर येताना चाक कडेला अडलं आणि सर उजव्या खांद्यावर आपटले. गळपट्टीचं हाड मोडलं. गाडीवाल्याने आरशात पाहिलंही नसेल. मागून दुसरी गाडी नव्हती, म्हणून सर आज आहेत. मी त्यांच्या मागे होतो, सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

नंतर एका दैनिकात (तुमच्या नव्हे) चार ओळींची बातमी आली: तोल जाऊन सायकलस्वार जखमी. त्या पायरीबद्दल एक अक्षर नव्हतं. ज्या खात्याकडे तो रस्ता आहे तिथे आम्ही फोटोंसह लेखी अर्ज दिला, पोच घेतली. उत्तर आलं नाही. पुढे त्याच पट्ट्यात आणखी एक थर पडला आणि पायरी आणखी उंच झाली. सरांचं हाड जुळलं, पण घरच्यांनी सायकल विकायला लावली. ज्या माणसाने साठी ओलांडल्यावर आम्हाला घाट चढायला शिकवलं, तो आता सकाळी गॅलरीत पेपर वाचत बसतो. कालचा लेख त्यांनीही वाचला असेल आणि याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं.

म्हणून लेखकांना सांगतो, आम्ही कडेपासून हात-दीड हात आत चालतो ते मुद्दाम. कडेला वाळू साचते, काचा असतात, उसाच्या हंगामात पडलेली कांडं असतात, आणि गावात शिरलं की उभ्या गाड्यांची दारं अचानक उघडतात. थोडं आत राहिलं की बाजूला सरायला जागा राहते आणि मागच्याला आपण दिसतोही. आणि हे फक्त हेल्मेट घालून फिरणाऱ्या आम्हा हौशींपुरतं नाही. त्याच कडेने शाळेच्या मुली जातात, दुधाच्या किटल्या अडकवून माणसं जातात. त्यांच्या बाजूने अर्ज कोण करणार?

लेखात या छंदाला चार दिवसांचं फॅड म्हटलं आहे. नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी ओलांडायची सायकल शर्यत दोघांनी मिळून पूर्ण केली, सुमारे 4,800 किलोमीटर. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. ही माणसं याच महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर तयार झाली. सायकलवाले दिवे लावत नाहीत, हा आरोप तर आमच्यासारख्यांवर अन्यायच आहे. ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडमध्ये, 200 किलोमीटरला साडेतेरा तास आणि 600 ला 40 तास मिळतात, म्हणजे लांबच्या राइडला रात्र रस्त्यावर काढावीच लागते. त्यात पुढे-मागे दिवा आणि अंगावर चमकणारं जॅकेट नसेल तर स्वार बाद होतो. अंधारात मागच्या दिव्याशिवाय धावणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांबद्दल मात्र लेखात काही नाही.

आता लेखासोबतच्या ‘घरच्या घरी निगा’ या चौकटीबद्दल. हे लिहिणार नव्हतो, पण लोक वाचून तसं करतील म्हणून लिहितो. टायरमध्ये हवा 120 पीएसआय ठासून भरा, असं त्यात आहे. कृपा करून असं कुणी करू नका. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते. हवा किती भरायची ते तुमच्या वजनावर आणि टायरच्या रुंदीवर ठरतं. 28 मिलिमीटरच्या टायरला सत्तर किलोच्या माणसाला 70-80 पुरते. त्याहून कडक केलं तर आपल्या खडबडीत रस्त्यांवर चाक उडत राहतं, पकड जाते, तळहात बधिर होतात. फार कमी ठेवली तर खड्ड्याच्या धारेवर ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन छिद्रं पडतात. दर राइडच्या आधी हवेचा दाब मोजणारं गेज लावून बघा, अंगठ्याने दाबून काही कळत नाही.

चेनवर गंज सोडवणारा स्प्रे मारून लगेच निघा, हाही सल्ला चुकीचा. त्याने रोलरच्या आतलं वंगण धुऊन जातं आणि चेन कोरडी घासत राहते. चेन पुसा, सुकू द्या, प्रत्येक रोलरवर चेनच्या तेलाचा एकेक थेंब सोडा, पेडल उलटं फिरवा, मग बाहेरचं तेल फडक्याने कोरडं पुसून घ्या. बाहेर तेल राहिलं की धूळ चिकटते. आणि अधूनमधून स्टीलच्या पट्टीने मोजा. पट्टीचा शून्य चेनच्या एका पिनेच्या मध्यावर ठेवला की तिच्यापुढची चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर आली पाहिजे. एक सोळांश इंच वाढ दिसली की चेन बदला, नाहीतर मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, हीही खराब होते आणि ती कितीतरी महाग पडते.

माझ्या दोन मागण्या आहेत. तुमचे वार्ताहर जिल्हाभर फिरतात. त्यांना प्रत्येक तालुक्यातल्या नव्या डांबराच्या कडेची उंची फूटपट्टी लावून मोजायला सांगा आणि ते फोटो पहिल्या पानावर छापा. आम्ही सोबत यायला तयार आहोत. आमच्या अर्जाला उत्तर मिळालं नाही, तुमच्या बातमीला मिळेल.

दुसरी मागणी चौकटीतल्या छायाचित्राबद्दल. त्यातल्या सायकलचा पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा, उलटा बसवला आहे. पुढचा ब्रेक फोर्कच्या मागे गेला आहे आणि फोर्कचा बाक स्वाराकडे आहे. अशा सायकलवर वळताना बूट पुढच्या चाकाला लागतो. फोटोत एक लहान मुलगा ती चालवतो आहे. सायकल त्याची स्वतःची असेल तर आधी त्याच्या पालकांना कळवा, दुरुस्ती मग छापा.

आपला,
एक सायकलस्वार वाचक, सातारा