बंड्या, लिफ्ट किट मागवू नकोस, आधी मागचं खोलू

धायरी, पुणे

प्रिय बंड्या,

जिप्सी उंच करायला दोन इंची लिफ्ट किट मागवू का, हा तुझा मेसेज वाचला. फोनवर सांगायला घेतलं की तुला मध्येच कुठलीतरी मीटिंग आठवते म्हणून सरळ लिहायलाच बसलोय, निवांत वाच, मोठं होणारे. पहिली गोष्ट म्हणजे ते दोन इंची किट अजून मागवू नकोस. बघून ठेव, पैसे भरू नकोस.

रविवारी सहकारनगरला जाऊन आलो. काकांनी चावी दिली, काकूंनी पोहे दिले, आणि मी चटई टाकून तुझ्या जिप्सीखाली शिरलो. बाहेरून गाडी ठीक दिसते पण मागून नीट बघितली तर उजवीकडे बसलीय. टेप लावून मोजलं, चाकाच्या सेंटरपासून वर मडगार्डच्या काठापर्यंत (जमिनीपासून मोजायचं नाही, टायरमधली हवा कमीजास्त असली की सगळा हिशोब चुकतो), तर डाव्या-उजव्यात पाऊण इंचाचा फरक. मागचे पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या कमानदार स्प्रिंगा, जवळजवळ सपाट झालेत. पाटा सपाट झाला की त्याची लांबी वाढते आणि तो शॅकलला (पाट्याचं मागचं टोक फ्रेमला जोडणारी हलती कडी) मागे ढकलतो, तुझे दोन्ही शॅकल तसेच मागे कलून बसलेत. म्हणजे तुला जी उंची विकत घ्यायचीय त्यातली बरीचशी गाडीचीच आहे, वीस वर्षांत खाली गेलेली. बसलेल्या पाट्यांवर लांब शॅकल टाकून उंची आणायची म्हणजे गुडघे गेलेल्या माणसाला उंच टाचेचे बूट देण्यासारखं आहे.

आणि शॅकलचा हिशोब लोक नेहमी चुकीचा सांगतात. शॅकल दोन इंच लांब केलं तर गाडी एकच इंच उचलते, कारण पाट्याचं पुढचं टोक फ्रेमला पक्कं असतं आणि मागचंच टोक खाली जातं, ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा) मधोमध, त्याला निम्मं मिळतं. वर पाटा तिरका झाल्यामुळे ॲक्सल पण फिरतो, डिफचं (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याचं) नाक वर जातं, प्रोपेलरच्या (ॲक्सलपर्यंत जोर आणणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) क्रॉसचे, म्हणजे सांध्यांचे, अँगल बदलतात आणि मग साठ-सत्तरच्या स्पीडला गाडी थरथरायला लागते आणि माणूस व्हील बॅलन्सिंग करत फिरतो. स्प्रिंग ओव्हर करायचं पण तुझ्या डोक्यात आहे हे मला माहितीये. जिप्सीत पाटे ॲक्सलच्या खालून जातात, ते वर घेतले की गाडी साधारण पाच इंच उठते, फोटोत भारी दिसते. पण त्यासाठी ॲक्सलवर नवीन बैठका वेल्ड कराव्या लागतात, प्रोपेलर, ब्रेक पाइप, स्टिअरिंग सगळंच हलतं आणि जोर दिला की ॲक्सल पाट्यांना पिळतो. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये आणि वर्षातनं चार वेळा मढे घाटाकडच्या चिखलात चालणाऱ्या गाडीला एवढं लागत नाही, हे माझं मत आहे, तुला पटलं नाही तरी.

तर दिवाळीला येशील तेव्हा आधी मागचं सगळं उतरवू, बघू, मोजू, आणि मग काय मागवायचं ते ठरवू. म्हणजे सुट्टीत काम अर्धंच होईल आणि गाडी थोडे दिवस घोडीवर (लोखंडी स्टँडवर) राहील, पण त्याला इलाज नाही.

काम माझ्या शेडमध्येच करू, तुमच्या पार्किंगमध्ये नको. दुपारी एक ते चार हातोडा चालवला तर तुमच्या सेक्रेटरी काकू काय करतील ते सोड, पण तिथे पेव्हर ब्लॉक आहेत आणि पेव्हर ब्लॉकवर घोडी लावली की एखादा ब्लॉक खचतो. इथे कोबा आहे. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके, पुढचे हब लॉक, फोर-लो आणि गिअर, म्हणजे पुढची चाकं इंजिनाला जखडलेली राहतात. हॅण्डब्रेकवर भिस्त ठेवायची नाही, तो मागच्याच बाजूला पकडतो आणि मागची चाकं तर हवेत असणार. घोड्या फ्रेमखाली लागतील, पाट्याचं पुढचं टोक धरणाऱ्या हँगरच्या जरा पुढे, आणि ॲक्सलखाली वेगळा ट्रॉली जॅक. ही दोन वजनं वेगवेगळी आहेत हे डोक्यात पक्कं बसव, बॉडी घोड्यांवर आणि ॲक्सल जॅकवर. जॅकवर गाडी ठेवून खाली कुणी शिरायचं नाही, दोन मिनिटांसाठी पण नाही.

आणि दोन्ही बाजूचे यू-बोल्ट (पाटा ॲक्सलला आवळून धरणारे) एकदम सोडायचे नाहीत. पाटे ॲक्सलचं वजन तर घेतातच पण त्याला जागेवर धरून पण तेच ठेवतात, दुसरं काही नाहीये तिथे. आपल्या ग्रुपमधल्या एकाची जिप्सी शहरातल्या एका गॅरेजमध्ये अशीच दोन्हीकडून मोकळी केली होती, डिफचं नाक जड, ते भस्सकन खाली फिरलं, ब्रेकचा रबरी पाइप ताणला गेला आणि प्रोपेलरची स्प्लाइन (आत-बाहेर सरकणारा दात्यांचा जोड) निम्मी बाहेर. कुणाला लागलं नाही हे नशीब. एक बाजू बांधलेली असली की ॲक्सल फिरू शकत नाही, म्हणून आधी डावी पूर्ण करायची, मग उजवी.

एका बाजूचा क्रम सांगतो. चाक काढलं की ॲक्सलखालचा जॅक इतकाच वर घ्यायचा की शॉकअप ना ताणलेला ना दाबलेला राहील, मग शॉकअपचे नट सुटतात, नाहीतर बोल्ट अडकून बसतो आणि आपण उगाच पान्याला पाइप लावून जोर करत बसतो. शॉकअप निघाल्यावर ॲक्सल आणखी खाली जाऊ शकतो आणि ताण ब्रेक पाइपवर येऊ शकतो, म्हणून त्याच्यावर एक डोळा ठेवायचा, तसाच ब्रीदरच्या (ॲक्सलमधली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीवर. मागच्या ब्रेकचं प्रेशर ठरवणारा व्हॉल्व्ह आणि त्याची ॲक्सलला जोडलेली दांडी असेल तर ती पण आधी सोडायची. त्या व्हॉल्व्हला फ्रेम आणि ॲक्सलमधलं अंतर कळतं, वजन किती ते नाही. गाडी उचलली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे आणि तो मागचे ब्रेक कमी करून टाकतो, लिफ्ट केल्यावर त्या दांडीचं ब्रॅकेट ॲडजस्ट करायला हवं आणि बरेच लोक ते करतच नाहीत.

मग यू-बोल्ट. आटे लांब असतात म्हणून साधं सॉकेट पुरत नाही, डीप सॉकेट लागतं. जुने यू-बोल्ट परत वापरायचे नाहीत, ते एकदा ताणले की ताणले, त्यामुळे कापायला लागले तरी दुःख नाही. पण ग्राइंडर आणि गॅस दोन्ही जपून रे, पेट्रोलची टाकी मागेच आहे, मी तर हॅक्सॉ ब्लेडनेच कापीन, हात दुखले तर दुखले. यू-बोल्ट निघाले की खालची प्लेट खाली पडते (पायावर नको) आणि ॲक्सल जॅकने बोटभर वर घ्यायचा म्हणजे सेंटर बोल्टचं (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टचं) डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकातनं सुटतं. त्या डोक्याकडे नीट बघायचं. ते झिजलेलं किंवा तुटलेलं असेल तर ॲक्सल पाट्यावर पुढेमागे सरकतोय, आणि काका म्हणत होते ना की गाडी डावीकडे ओढते, मला त्याचाच संशय आहे.

मग मागचा शॅकल, मग पुढचा बोल्ट. खरी मारामारी इथेच होणार. आय-बोल्ट (पाट्याच्या टोकाच्या गोल डोळ्यातला) बुशच्या, म्हणजे रबरी अस्तराच्या, आतल्या लोखंडी नळीला गंजून चिकटलेला असतो, पाना फिरवला की बोल्ट फिरल्यासारखा वाटतो पण नुसतं रबर पिळलं जातं, सोडलं की परत जागेवर. इथे लोक गॅस मारून रबर जाळतात, आपण नाही. मी आदल्या आठवडाभर रोज संध्याकाळी गंज सोडवायचं तेल मारून ठेवतो, काकांना सांगितलंय की गाडीचा करकर आवाज घालवतोय, ते खूश आहेत.

पाटे खाली आल्यावर ते तसेच वेल्डिंगवाल्याकडे घेऊन पळायचं नाही. आधी सेट उघडायचा. सेंटर बोल्टच्या दोन्ही बाजूंना एकेक सी-क्लॅम्प घट्ट बसवून मगच नट काढायचा आणि मग क्लॅम्प थोडे थोडे सोडायचे, कारण प्रत्येक पाट्याची कमान वेगळी असते, ते एकमेकांना दाबून बसवलेले असतात, क्लॅम्प न लावता नट काढला तर सेट उसळतो. आत काय बघायचं? तडा, बहुतेक वेळा सेंटर बोल्टच्या भोकापाशी, आणि वरच्या पाट्यात खालच्या पाट्याच्या टोकाने पाडलेला खड्डा. तडा असेल तर पाटा बाद, विषय संपला. नसेल तर कमान परत देता येते. निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीकडे ट्रकचं काम करणाऱ्यांना विचारतोय, पण थंड पाट्यावर ठोकून कमान देणारा हवा. भट्टीत लाल करून वाकवून नुसता बाजूला टाकून देणारा नको, तसा पाटा चार महिन्यांत परत सपाट होतो कारण त्याचं पाणीच उतरलेलं असतं.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते सांगतो. सेट उघडला की फक्त मेन पाटा एकटा परत चढवायचा, काढलेल्या पाट्यांच्या जाडीचा लोखंडी ठोकळा मध्ये घालून, दोन्ही बाजूंना तसंच. एकटा मेन पाटा इतका मऊ असतो की जॅकने ॲक्सल हवा तसा वर-खाली नेता येतो, आणि तो जागेवर पण राहतो. मग टायर चढवून एक बाजू बंप स्टॉपपर्यंत (ॲक्सल फ्रेमवर आदळू नये म्हणून असलेल्या रबरी ठोकळ्यापर्यंत) वर घ्यायची आणि दुसरी पूर्ण खाली सोडायची, म्हणजे खडकावर गाडी आडवी होते तेव्हा जे होतं तेच शेडमध्ये बघायला मिळतं. वर घेतलेला टायर आत कुठे घासतो? खाली गेलेल्या बाजूला ब्रेक पाइप कुठे ताणतो? प्रोपेलरची स्प्लाइन किती बाहेर येते? (आधी खडूने खूण करून ठेवायची.) शॉकअपच्या दोन टोकांमधलं कमीत कमी अंतर किती आणि जास्तीत जास्त किती? हे दोन आकडे हातात आले की शॉकअप कुठला घ्यायचा हे दुकानदाराला विचारावं लागत नाही. किटमधला शॉकअप पूर्ण दाबूनही त्या कमीत कमी अंतरापेक्षा लांब राहत असेल तर बंप स्टॉप टेकायच्या आधी तोच टेकेल आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात फुटेल. आणि जास्तीत जास्तीला ब्रेक पाइप ताणत असेल तर लांब पाइप आधी, बाकी सगळं नंतर. मला स्वतःला या सगळ्या कामात हाच भाग सगळ्यात आवडतो, दोन तास नुसतं जॅक वर-खाली करत बसायचं, एकाने टॉर्च धरायची, एकाने टेप.

परत जोडताना एकच गोष्ट आत्ता सांगून ठेवतो कारण तेव्हा घाई असते. आय-बोल्ट आणि शॅकलचे नट गाडी हवेत असताना नुसते हाताने लावायचे, शेवटचं घट्ट करणं गाडी चाकांवर उभी राहिल्यावर. हवेत घट्ट केले तर रबर लोंबकळत्या स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली आली की कायमचं पिळलेलं राहतं आणि बुश लवकर फाटतात. यू-बोल्ट तिरक्या क्रमाने, थोडे थोडे, आणि पहिल्या ट्रिपनंतर परत एकदा.

कागदाचं पण बोलून घेऊ. मोटार वाहन कायद्याचं ५२ कलम आहे आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी गाडी करता येत नाही. तुझं पासिंग वाढवून घेतलेलं आहे, ते परत येईल तेव्हा संगम पुलापाशी आरटीओत गाडी दाखवावी लागेल, आणि उद्या काही झालं तर इन्शुरन्सवाले पण हेच विचारणार. पाटे मूळ कमानीला आणणं म्हणजे दुरुस्ती, त्यात कुणी काही बोलू शकत नाही. पाच इंच वर नेणं म्हणजे दुरुस्ती नाही. ठरव तू, गाडी तुझी आहे.

माझा अंदाज विचारशील तर कमान परत, बुश नवीन, शॉकअप नवीन, यू-बोल्ट नवीन, आणि उंचीत दीड इंच तरी असाच परत मिळेल. तेवढ्याने तुझं भागणार नाही असं वाटलं तर शॅकलचं बघू, पण मोजून.

आता तुझ्याकडचं काम. दोन दणकट सी-क्लॅम्प तिकडूनच आण, माझ्याकडचे सुतारकामाचे आहेत, पाट्यांना चालणार नाहीत. पुढच्या पाट्यांचे बुश कधी बदलले होते ते तुझ्या जुन्या बिलांत शोध. कुठल्या तारखेला निघतोस ते कळव म्हणजे मी शेड रिकामी करतो. आणि घरी फोन केलास तर लिफ्ट हा शब्द काढू नकोस, काकांना मी सर्व्हिसिंग आहे असंच सांगितलंय आणि त्यांनी लगेच विचारलं की मग वॉशिंग पण करून देणार का, मी हो म्हणालोय, ते तू करायचंस.

तुझा,
संज्या