जखमेच्या आकारावर घाई ठरवू नका

संपादक महोदय,

कामाच्या जागी कुणी जखमी झाले की सगळे आधी रक्त किती गेले ते पाहतात. रक्त कमी आणि जखम लहान असेल तर पाळी संपल्यावर दवाखान्यात गेले तरी चालेल, असे सुपरवायझर म्हणतो आणि कामगारही ते मानतो. या सवयीपायी बोटे आणि डोळे कायमचे जातात.

सर्वांत फसवी जखम ग्रीस गनची (यंत्रात दाबाने वंगण भरण्याचे साधन) किंवा हायड्रॉलिक होजच्या (उच्च दाबाचे तेल वाहून नेणारी नळी) गळतीची. होजला बारीक चीर पडलेली असते, ती शोधायला माणूस बोट फिरवतो आणि तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. बाहेर दिसते ते टाचणी टोचल्याएवढे छिद्र. सुरुवातीला फारसे दुखतही नाही. आत मात्र तेल कंडरांच्या (स्नायू हाडांना जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) आवरणातून तळहाताकडे सरकलेले असते. काही तासांत बोट टरटरून फुगते आणि रक्तपुरवठा अडतो. स्प्रे गनमधला थिनर मिसळलेला रंग तर याहून घातक. त्यात बोट कापावे लागण्याची शक्यता बरीच वाढते. इथे मलमपट्टी आणि गोळ्यांनी भागत नाही. शक्यतो ६ तासांच्या आत शल्यविशारदाने बोट उघडून आतले द्रव्य काढायला हवे.

म्हणून बोट दाबू, चोळू किंवा शेकू नका. अंगठी लगेच काढा, हात उंच धरा. भूल द्यावी लागू शकते, तेव्हा काही खायला-प्यायला देऊ नका. हाताच्या शस्त्रक्रियेची सोय असेल तिथेच न्या. सोबत त्या द्रव्याचे सुरक्षा माहितीपत्रक द्या आणि एका चिठ्ठीवर ‘उच्च दाबाची धार’, द्रव्य, दाब आणि वेळ लिहा. ही चिठ्ठी नसेल तर काहीतरी टोचले असेल असे समजून धनुर्वाताचे इंजेक्शन देऊन घरी पाठवले जाण्याचा धोका असतो.

डोळ्यात चुना, सिमेंट किंवा कॉस्टिक सोडा गेला तर मात्र गाडीच्या आधी पाणी. पापण्या उघड्या धरून निदान २० मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवा, मगच निघा. हे पदार्थ बहुतेक आम्लांपेक्षा खोल शिरतात, म्हणून चार शिपके मारून थांबणे पुरेसे नाही. छिन्नी-हातोड्याची कपची डोळ्यात घुसली असेल तर नेमके उलटे: पाणी मारू नका, दाबू नका, वर कागदी कप झाकून चिकटपट्टी लावा. डॉक्टरांना ‘लोखंडावर लोखंड आपटत होते’ हे जरूर सांगा; डोळ्यात लोखंड असताना एमआरआय करणे धोक्याचे.

तुटलेले बोट थेट बर्फात ठेवले की गोठून निकामी होते. ते ओलसर स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करा आणि ती पिशवी बर्फ-पाण्यात ठेवा. भाजल्यावर २० मिनिटे गार वाहते पाणी. बर्फ किंवा टूथपेस्ट नको. हात यंत्रात चिरडला, हाड शाबूत आहे, पण वेदना वाढतच चालली आहे आणि बोटे सरळ करताच ती असह्य होते, अशा वेळी वेदनाशामक देऊन सकाळची वाट पाहू नका. स्नायूंमधला दाब वाढून रक्तपुरवठा तुटत असतो.

एवढे ठाऊक असूनही उशीर होतो, कारण परवानगी, गाडी आणि अपघाताचा फॉर्म यांची वाट पाहिली जाते. ‘अपघाताविना इतके दिवस’ असा फलक लावलेल्या ठिकाणी नोंद टाळण्याचा मोहही होतो. फॉर्म नंतर भरता येतो. वर सांगितलेल्या जखमांत कुणाचीही परवानगी न घेता निघायचे, असा लेखी नियम प्रत्येक विभागात लावावा. रात्रपाळीलाही गाडी कोण चालवणार आणि सोबत कोण जाणार ते आधीच ठरलेले असावे. हाताची आणि डोळ्याची शस्त्रक्रिया रात्री कुठे होते, याची दर महिन्याला फोन करून खात्री करावी आणि तो क्रमांक प्रथमोपचार पेटीच्या झाकणावर चिकटवावा.

– औद्योगिक सुरक्षा क्षेत्रातील एक वाचक