चोवीस रंगांचा बॉक्स नको

संपादक महोदय,

एलिमेंटरी-इंटरमिजिएट ही चित्रकलेची परीक्षा जवळ आली की पालक मुलांना 24 रंगांचा बॉक्स घेऊन देतात, त्यापेक्षा मोजक्या पण चांगल्या ट्यूब घ्या हो. लेमन यलो, क्रिमसन (गडद लाल), अल्ट्रामरीन आणि प्रशियन ब्लू हे दोन निळे, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), वॉटरकलरला सुरुवातीला एवढं भरपूर झालं. लेमन यलोत प्रशियन ब्लू घातला की मस्त पोपटी येतो, अल्ट्रामरीन घातला तर जरा मळकट, कारण त्या निळ्यात लालसर झाक असते, आणि हे पोराला स्वतः मिसळूनच कळतं, तयार हिरवा हातात दिला तर कसं कळणार? काळ्याचीही गरज नाही, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनातून पावसाळी ढगांचा इतका सुंदर ग्रे मिळतो! वाचलेल्या पैशात जाड कागद घ्या. शाळांनीही सामानाची यादी देताना याचा विचार करावा.

- एक चित्रकला शिक्षिका