रॉकेटमधला कॅमेरा उतरणीकडेही वळवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हौशी मंडळींनी उडवलेल्या मोठ्या रॉकेटांच्या अंगावरच्या कॅमेऱ्याने टिपलेले व्हिडिओ आता शाळकरी मुलांच्याही मोबाईलवर पोचतात. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात ब्लॅक रॉक नावाचे सपाट वाळवंट आहे. तिथून १७ मे २००४ रोजी सुटलेले हौशी रॉकेट ‘गोफास्ट’ सुमारे ११६ किलोमीटर उंच गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचे ‘आफ्टरशॉक २’ तिथूनच सुमारे १४३ किलोमीटरवर पोचले. आपल्या अभियांत्रिकीच्या मुलांना याचे वेड लागावे, हे चांगलेच आहे. पण सगळीकडे फिरतो तो चढणीचा अर्धा मिनिट, आणि रॉकेट खरे बिघडते ते उतरताना.

अमेरिकेत रॉकेटच्या मोटारींचे, म्हणजे इंधन जाळून रेटा देणाऱ्या नळकांड्यांचे, वर्ग इंग्रजी अक्षरांनी ओळखतात. पुढच्या प्रत्येक अक्षराला एकूण आवेगाची, म्हणजे रेटा गुणिले तो टिकण्याचा वेळ याची, मर्यादा दुप्पट होते. १६० न्यूटन-सेकंदांपुढचा एच आणि त्यानंतरचा आय ही उडवणाऱ्याच्या प्रमाणपत्राची पहिली पातळी, जे-के-एल दुसरी, एम आणि पुढे तिसरी. या पातळ्यांच्या प्रमाणपत्रासाठी किती उंची गाठली हे पाहतच नाहीत. रॉकेट पुन्हा उडवता येईल अशा अवस्थेत उतरले का, हे पाहतात.

चढणीचे गणित तुलनेने सोपे आहे. दहा किलोच्या रॉकेटला सुरुवातीला निदान ५०० न्यूटन, म्हणजे वजनाच्या पाचपट रेटा हवा. तीन मीटरच्या रेलवरून, म्हणजे सुरुवातीला दिशा देणाऱ्या उभ्या पट्टीवरून, ते सेकंदाला साधारण १५ मीटर वेगाने सुटते, आणि तेवढ्या वेगाला फिन, म्हणजे शेपटाकडची पाती, हवेला धरून रॉकेट सरळ ठेवतात. गुरुत्वमध्य, म्हणजे रॉकेट जिथे तोलले जाते तो बिंदू, दाबमध्याच्या (हवेचा रेटा जिथे एकवटतो त्या बिंदूच्या) पुढे, टोकाच्या बाजूला, नळीच्या व्यासाच्या एक ते दोन पट अंतरावर ठेवावा. कॅमेरा आणि त्याची बॅटरी बसवल्यावर हा मध्य पुन्हा मोजायचा असतो, आणि नेमके तेच राहून जाते.

आता उतरण. तीन किलोमीटरवर मोठे पॅराशूट उघडले आणि रॉकेट सेकंदाला सहा मीटरने उतरू लागले, तर खाली यायला आठ मिनिटांहून अधिक वेळ लागतो. सेकंदाला पाच मीटरचा वारा तेवढ्यात त्याला अडीच किलोमीटर वाहून नेईल. म्हणून शिखरावर फक्त छोटे पॅराशूट उघडतात, रॉकेट सेकंदाला पंचवीसेक मीटरने खाली येते, आणि मोठे पॅराशूट दोनशे मीटरवर उघडते. तोच वारा असला तरी ते पाऊण किलोमीटरच्या आत सापडते. हे सगळे हवेच्या दाबावरून उंची ओळखून पॅराशूट उघडणाऱ्या अल्टिमीटरवर चालते. अल्टिमीटर दोन असावेत, आणि प्रत्येकाची बॅटरी, स्विच आणि पॅराशूट बाहेर ढकलणारा दारूचा बार वेगळा असावा.

कॅमेरा घात करतो तो इथे. बाहेर आलेल्या कॅमेऱ्याच्या मागे हवा ढवळते. त्याच्या थेट खाली अल्टिमीटरची दाबछिद्रे असली की दाब चुकीचा मोजला जातो आणि पॅराशूट भलत्याच क्षणी उघडते. वेगात असताना ते उघडले, तर ताणलेला दोर नळीला उभी चीर पाडत जातो. त्यामुळे छिद्रे कॅमेऱ्याच्या वरच्या बाजूला तरी असावीत किंवा नव्वद अंश बाजूला. एकाच बाजूच्या फुगवट्याने रॉकेट कलते, म्हणून समोरच्या बाजूला तेवढाच पोकळ फुगवटा बसवावा.

कॅमेरा स्पंजच्या दुहेरी चिकटपट्टीवर सोडू नये, स्क्रूने आवळावा. मेमरी कार्डाची खाच स्प्रिंगची असते आणि धक्क्याने कार्ड बाहेर येते, तेव्हा त्यावर टेप लावावी. आपटताना बॅटरी सुटली तर चालू फाइल बंद होत नाही आणि नंतर उघडतही नाही. एक-एक मिनिटाचे तुकडे साठवणारी सोय निवडली की निदान आधीचे चित्रण वाचते. शिवाय स्वस्त कॅमेरे चित्र ओळीओळीने टिपतात, त्यामुळे कंपनात सरळ फिनही लाटेसारखे दिसते. तेवढ्यावरून फिन फडफडले असा निष्कर्ष काढू नये; जमिनीवर आल्यावर सांध्यातल्या भेगा पाहाव्यात.

एक कॅमेरा खाली बघत असेल, तर दुसरा पॅराशूटकडे बघणारा हवाच. दोर कुठे गुंतला, मोठे पॅराशूट पिशवीतून किती उशिरा निघाले, हे दुसरे कोणतेही उपकरण इतके स्पष्ट दाखवत नाही. क्रमही पाळावा: रॉकेट रेलवर उभे करायचे, कॅमेरा सुरू करायचा, मग अल्टिमीटर चालू करून त्यांचे बीप मोजायचे, आणि मोटार पेटवणारा इग्नायटर अगदी शेवटी घालायचा. उन्हात तासभर थांबावे लागले, तर कॅमेरा तापून उड्डाणाआधीच बंद पडतो. तेव्हा मधल्या वेळात तो बंद ठेवावा आणि हा क्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा. घाईत पुढे जाऊ नये.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. व्हिडिओ पाहून घरात इंधन कालवू नका. तयार मिश्रण घासले, तापले किंवा त्यावर ठिणगी पडली तर हातातच पेटते, आणि हे काम कायद्याच्या कक्षेतही येते. स्फोटके अधिनियम १८८४ आणि २००८ चे नियम राबवणाऱ्या ‘पेसो’चे (पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना या केंद्र सरकारी यंत्रणेचे) मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. महाविद्यालयांनी परवानगीची चौकशी रॉकेट तयार झाल्यावर नव्हे, आराखड्याच्या वेळीच करावी. आणि आपल्या वृत्तपत्राने अशा उड्डाणाची बातमी देताना रॉकेट कुठे आणि कसे उतरले, एवढी एक ओळ जरूर छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे